कारखान्यातली वीज, भाग ७ : यंत्र वाचवायचं की माणूस?

सर्ज कुठून येतो ते मागच्या भागात पाहिलं. कधी तो आकाशातल्या विजेमुळे येतो, पण त्याहून जास्त वेळा कारखान्याच्या आतच जन्मतो. मोठी मोटर बंद झाली, कपॅसिटर बँक जोडली गेली, कॉन्टॅक्टरची कॉइल सुटली, की काही मायक्रोसेकंदांपुरतं व्होल्टेज शेकड्यांतून हजारांत जाऊन खाली येतं. आता प्रश्न नियमाचा. अमेरिकेच्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडमध्ये औद्योगिक यंत्रांसाठी ६७० हे स्वतंत्र प्रकरण आहे आणि २०१७ च्या आवृत्तीत त्यात ६७०.६ हे कलम नव्याने आलं. ज्या यंत्रात सेफ्टी इंटरलॉक सर्किट आहे, त्याला सर्जपासून संरक्षण बसवलेलं असलंच पाहिजे, एवढंच ते त्या आवृत्तीत सांगत होतं. यंत्राची किंमत किती, आत ड्राइव्ह किती, पीएलसी कोणता, याबद्दल कलमात अवाक्षर नाही. दार उघडताच प्रेस थांबवणारा स्विच, हात आत गेला की हालचाल रोखणारा लाइट कर्टन, इमर्जन्सी स्टॉप, ही सर्किटं शाबूत राहिली पाहिजेत, एवढीच कोडला काळजी आहे. नियमामागची ही दृष्टी मला पूर्णपणे पटते. एसपीडी, म्हणजे सर्ज रोखणारं उपकरण, हा महागड्या इलेक्ट्रॉनिक्सचा विमा आहे असं समजून जो पॅनेल बांधतो, तो कलमाचं अक्षर पाळूनही त्याचा हेतू चुकवू शकतो.

या कलमामागे पुरावा कोणता होता? एनएफपीए या कोड प्रसिद्ध करणाऱ्या संस्थेशी जोडलेल्या संशोधन प्रतिष्ठानने २०१३ आणि २०१४ मध्ये कारखाने आणि इमारतींची व्यवस्था पाहणाऱ्यांना सर्जमुळे झालेल्या नुकसानीबद्दल विचारलं होतं. त्यांतल्या २६ टक्क्यांनी यंत्रांच्या सेफ्टी इंटरलॉकचं नुकसान झाल्याचं सांगितलं. हा आकडा जपून वाचायला हवा. तो प्रयोगशाळेतला नाही, लोकांनी आपल्या अनुभवावरून दिलेला आहे, आणि त्यात किती माणसांना इजा झाली हे येत नाही. एवढ्या आधारावर सक्ती करणं घाईचं आहे, असं कोणी म्हणालं तर ते म्हणणं पोकळ नाही. पण इंटरलॉकचं काम नेहमी घडणाऱ्या गोष्टीसाठी नसतंच, ते क्वचित येणाऱ्या क्षणासाठी असतं. दर चार जागांपैकी एका ठिकाणी ही यंत्रणा सर्जने बिघडते असं समोर आल्यावर अपघातांची यादी तयार होईपर्यंत थांबणं म्हणजे ती यादी कामगारांच्या बोटांनी लिहून घेणं होईल.

याहून खोल आक्षेप सुरक्षा-अभियंत्यांचा आहे. ते म्हणतात, इंटरलॉकची रचनाच अशी असते की बिघाड झाला तर यंत्र थांबावं. वायर तुटली, पुरवठा गेला, तर रिले सुटतो. मग सर्जने सर्किट जळलं तर फार तर उत्पादन थांबेल, माणसाला धोका कुठे? वायर तुटण्याबद्दल हे खरं आहे. पण सर्जने होणारा बिघाड नेहमी सर्किट तोडणारा नसतो. अर्धवाहक घटकांवर क्षमतेबाहेरचं व्होल्टेज आलं तर ते बहुतेकदा शॉर्ट होतात, म्हणजे बंद व्हायला हवा तो मार्ग चालूच राहतो. म्हणून तर सेफ्टी सर्किटला दोन स्वतंत्र चॅनेल देतात आणि दोन्ही जुळतात की नाही हे तपासणारी व्यवस्था ठेवतात. एक बिघडला तर दुसरा यंत्र थांबवतो आणि बिघाड उघड होतो. या हिशेबात गृहीत असं की दोन्ही चॅनेल एकाच वेळी, एकाच कारणाने बिघडणार नाहीत. सर्ज नेमकं हेच गृहीत मोडतो. दोन्ही चॅनेल एकाच २४ व्होल्टच्या पुरवठ्यावर, एकाच पॅनेलमध्ये, पुष्कळदा एकाच डक्टमधून जातात. उसळी आली की ती दोघांवर एकदम येते. आयएसओ १३८४९-१ या यंत्रसुरक्षेच्या मानकाला ही गोष्ट पूर्वीपासून ठाऊक आहे. सामायिक कारणाने होणाऱ्या बिघाडाविरुद्धच्या उपायांना तिथे १०० पैकी किमान ६५ गुण मिळवावे लागतात आणि त्यांतले १५ गुण ज्या एका ओळीवर ठेवले आहेत, तिची सुरुवातच अतिरिक्त व्होल्टेजपासूनच्या संरक्षणाने होते. म्हणजे ‘आमचं सर्किट दोन चॅनेलचं आहे, एसपीडी कशाला?’ असं विचारणारा ज्या पायावर उभा आहे, त्यातली एक वीट एसपीडीचीच आहे.

आणि समजा सर्जने यंत्र फक्त थांबलंच, तरी गोष्ट तिथे संपत नाही. जो दरवाजा-स्विच महिन्यातून दोनदा विनाकारण यंत्र बंद पाडतो, त्याच्यावर शॉपफ्लोअरचा विश्वास उरत नाही. रात्रपाळीला माल जायचा असतो, सुटा भाग मिळत नाही, आणि कोणीतरी टर्मिनलवर जंपर टाकतो. पुढे तो जंपर कायमचा होतो. बायपास केलेल्या इंटरलॉकचा दोष आपण कामगाराच्या माथी मारतो. त्याच्या हातात जंपर देणारी कारणं पॅनेलच्या डिझाइनमध्ये शोधायला हवीत, असं मला फार वाटतं.

तिसरा आक्षेप कोडनेच अर्धा मान्य केला. इमारतीच्या मुख्य पॅनेलवर चांगला एसपीडी असेल तर प्रत्येक यंत्राला वेगळा कशाला? २०२० च्या आवृत्तीत कलमाचे शब्द बदलले, आणि येणाऱ्या पुरवठ्यावरच्या सर्जपासून परिणामकारक संरक्षण नसलेल्या यंत्रांपुरतीच सक्ती राहिली. बदल तर्काला धरून आहे, पण त्याने भार ‘परिणामकारक’ या एका शब्दावर टाकला. मुख्य पॅनेलवरचा एसपीडी बाहेरून येणाऱ्या लाटेला उत्तर देतो. शंभर मीटर पुढे, शेजारच्या यंत्राच्या कॉन्टॅक्टरने उठवलेल्या उसळीवर त्याचा फारसा उपयोग नसतो. पुण्यात किंवा कोल्हापुरात बसून अमेरिकेसाठी यंत्र बांधणाऱ्याला तर ते कोणत्या इमारतीत, कोणत्या फीडरवर लागणार हेच माहीत नसतं. शिवाय तिथली राज्यं कोडच्या वेगवेगळ्या आवृत्त्या पाळतात. त्याच्यासाठी शहाणपण एकच : एसपीडी यंत्राबरोबरच द्यावा.

तो कसा द्यावा यावर मात्र सगळं अवलंबून आहे. कोड म्हणतो की एसपीडीच्या वायरा गरजेपेक्षा लांब नसाव्यात आणि त्यांना विनाकारण वळणं नसावीत. हा नीटनेटकेपणाचा सल्ला वाटतो, पण हिशेब करून पाहा. सरळ वायरला मीटरमागे साधारण एक मायक्रोहेन्री इंडक्टन्स असतो. दहा हजार अँपिअरचा प्रवाह आठ मायक्रोसेकंदांत चढला, तर मीटरभर वायरवरच हजाराहून अधिक व्होल्ट उभे राहतात आणि ते एसपीडीने राखलेल्या व्होल्टेजमध्ये मिळवले जातात. आयईसीच्या मानकात ही लांबी एकूण अर्ध्या मीटरपर्यंत ठेवायला सांगितली आहे ती यासाठीच. पॅनेलच्या दारावर दिमाखात लावलेला, सुंदर बांधलेल्या हार्नेसने जोडलेला एसपीडी पुष्कळदा कागदावरच्या क्षमतेच्या जवळपासही जात नाही. दुसरी चूक त्याहून धोक्याची आहे. ४८० व्होल्टच्या ज्या सिस्टीमचा न्यूट्रल मोठ्या रोधातून जमिनीला जोडलेला असतो, तिथे एका फेजला अर्थ फॉल्ट झाला की उरलेल्या दोन फेजचं जमिनीच्या तुलनेतलं व्होल्टेज २७७ वरून ४८० च्या आसपास चढतं आणि तासन्‌तास तसंच राहू शकतं. त्या सिस्टीमसाठी न बनवलेला एसपीडी तिथे स्वतःच जळतो. अशा ठिकाणी खास त्यासाठी प्रमाणित असलेलाच एसपीडी वापरायचा, आणि शॉर्ट सर्किटचा उपलब्ध प्रवाह त्यावर छापलेल्या मर्यादेपेक्षा जास्त असेल तिथे तो बसवायचाच नाही, असं कोड स्पष्ट सांगतो.

कोड जिथे गप्प आहे ती जागा मला जास्त खुपते. एसपीडीच्या आत झिंक ऑक्साइडच्या चकत्या असतात आणि प्रत्येक मोठ्या सर्जबरोबर त्या थोड्या झिजतात. झीज मर्यादेबाहेर गेली की आतली तापसंवेदी जोडणी सुटते आणि एसपीडी परिपथातून बाजूला होतो. आग टळते, पण यंत्र मात्र चालूच राहतं, आता संरक्षणाशिवाय. याची खबर देणारा छोटा दिवा बंद पॅनेलच्या आत असतो आणि तो पाहायला महिनोन्‌महिने कोणी जात नाही. ६७०.६ संरक्षण बसवायला सांगतं. ते जिवंत आहे की नाही हे ऑपरेटरला कळलं पाहिजे, असं सांगत नाही. इंटरलॉक शाबूत राहावा हाच हेतू असेल, तर पहिल्या मोठ्या सर्जनंतर तो हेतू नशिबावर सोडणं पटण्यासारखं नाही. बऱ्याच एसपीडींमध्ये बिघाड कळवणारा वेगळा कॉन्टॅक्ट मिळतो. त्यासाठी पीएलसीचा एक इनपुट आणि स्क्रीनवर एक ओळ पुरे. खर्चाचा आक्षेप इथे टिकत नाही. तो कॉन्टॅक्ट जोडणं पुढच्या आवृत्तीत सक्तीचं व्हावं, आणि तोवर ड्रॉइंग मंजूर करणाऱ्याने तो नसेल तर सही करू नये.

पुढच्या भागात : पुरवठ्याच्या वायरऐवजी सेन्सर आणि नेटवर्कच्या केबलमधून शिरणारा सर्ज.