नांगराची निगा

लोखंडी नांगर महाराष्ट्रातील शेतकऱ्याच्या परिचयाचा होऊन आता शंभराहून अधिक वर्षे लोटली आहेत. परंतु तो प्रथम आला तेव्हा त्याचे कोणी आनंदाने स्वागत केले नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी या शतकापूर्वीच्या शतकात, म्हणजे सन १९०३ च्या सुमारास, बेळगाव येथे लोखंडी नांगर तयार केला. तेव्हा ‘लोखंडाचे विष जमिनीत उतरेल आणि पीक जळून जाईल’ अशी धास्ती लोकांना वाटे. त्यामुळे सुरुवातीस त्या नांगरास गिऱ्हाईकच मिळेना. पुढे लक्ष्मणरावांना बेळगावची जागा सोडावी लागली. त्या वेळी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळचा, निवडुंगाने भरलेला माळ त्यांना दिला. तेथे सन १९१० मध्ये कारखाना उभा राहिला आणि किर्लोस्करवाडी हे गाव वसले. आज ते सांगली जिल्ह्यात आहे.

हळूहळू शेतकऱ्यांचा अनुभव वाढला आणि भीती फिटली. लोखंडाने जमिनीस विष दिले नाही. उलट, जमिनीतील ओल हीच लोखंडाची वैरीण आहे, असे दिसून आले. ही ओल लोखंडास कशी खाते आणि तिच्यापासून नांगर कसा वाचवावा, हे आपण या पाठात पाहू.

नांगर उभा असला म्हणजे त्याचा दांडा व मूठ आपल्या नजरेत भरतात. परंतु खरे काम चालते ते त्याच्या खालच्या अंगाला. फाळ जमीन कापतो. फाळाच्या मागे असलेले वाकडे लोखंडी पाते ती कापलेली माती उचलते आणि कुशीवर उलटी पाडते. त्यामुळे हरळी, कुंदा यांसारख्या चिवट तणांच्या मुळ्या उघड्या पडतात आणि उन्हाने वाळून जातात. लाकडी नांगर जमीन चिरतो, पण अशी उलटत नाही. लोखंडी नांगराचा मोठा गुण तो हाच.

हा गुण टिकण्यास एक अट आहे. ते पाते गुळगुळीत असले पाहिजे. पाते गुळगुळीत असेल तर माती त्यावरून सरकत जाते, आणि तिच्या घासण्याने पाते आणखीच उजळते. म्हणूनच चालत्या नांगराचे पाते आरशासारखे लखलखते. परंतु पाते खरखरीत झाले, तर कृष्णाकाठची चिकण काळी माती त्यास घट्ट बिलगून बसते. मग माती लोखंडावरून सरकावयाची ती चिकटलेल्या मातीवरच घासू लागते. नांगर जड होतो, तास नीट पलटत नाही, तण जिवंत राहते आणि बैलांच्या खांद्यांवर नाहक भार पडतो. पाते न पुसण्याचा आळस माणसाचा. शिक्षा मात्र मुक्या जनावरास!

पाते खरखरीत का होते? त्याचे कारण गंज. लोखंड, पाणी आणि हवेतील प्राणवायू या तिघांची गाठ पडली की गंज तयार होतो. तो भुसभुशीत असतो व पापुद्र्यांनी सुटतो. एक पापुद्रा गळाला की खालचे नवे लोखंड उघडे पडते आणि पुन्हा गंजू लागते. नांगरास चिकटलेली माती वरून सुकल्यासारखी दिसली, तरी तिच्या पोटात ओल पुष्कळ काळ टिकते. म्हणजे माती न काढता नांगर ठेवणे हे त्यास ओले फडके गुंडाळून ठेवण्यासारखेच आहे.

क्षार असले की गंज अधिक वेगाने चढतो. वाळवा, पलूस, मिरज या तालुक्यांत उसाला पाणी अतोनात दिल्यामुळे पुष्कळ जमिनी खारवटल्या आहेत. अशा रानात चाललेले अवजार त्याच दिवशी धुऊन पुसले पाहिजे. रासायनिक खतांच्या कणांविषयीही हीच काळजी घ्यावी.

याची प्रचीती तुम्हांस घरी पाहता येईल. तीन स्वच्छ खिळे घ्या. पहिला कोरड्या बाटलीत बूच लावून ठेवा. दुसरा साध्या पाण्यात बुडवा. तिसऱ्यासाठी वडीलधाऱ्या माणसाकडून पाणी चांगले उकळून घ्या. उकळल्याने पाण्यात मिसळलेली हवा निघून जाते. त्यात खिळा टाकून वर तेलाचा थर द्या, म्हणजे नवी हवा आत शिरणार नाही. काही दिवसांनी पाहिल्यास दुसरा खिळा तांबूस झालेला दिसेल. इतर दोन जवळजवळ जसेच्या तसे असतील. यावरून नांगर राखण्याचे सूत्र सहज सापडते: ओल आणि हवा यांना लोखंडापाशी एकत्र येऊ देऊ नये.

आता प्रत्यक्ष कृती पाहू. नांगरट संपल्यावर प्रथम बैल सोडावेत, मग नांगर आडवा करावा. माती ओली असतानाच ती लाकडाच्या चपट्या तुकड्याने खरवडून काढावी. लोखंडाच्या हत्याराने खरवडल्यास पात्यावर चरे पडतात व त्यांत माती रुतते. फाळामागची खाच आणि बोल्टांच्या भोवतालची जागा यांकडे विशेष लक्ष द्यावे, कारण माती तेथे दडून राहते. नंतर पाते गोणपाटाने कोरडे पुसावे. गंज चढू लागला असेल तर विटेच्या बारीक चुऱ्याने घासावा. शेवटी तेलाचा हात द्यावा. जवसाचे तेल सुकून त्याची पातळ साय धरते. हंगाम संपल्यावर नांगर दीर्घकाळ ठेवावयाचा असेल तर वंगणाचा जाड थर अधिक चांगला. नांगर ओल्या जमिनीवर न टेकवता लाकडी ठोकळ्यांवर, छपराखाली ठेवावा.

आज पुष्कळ शेतांत ट्रॅक्टर आले आहेत. त्यांच्यामागचे नांगर व फिरत्या पात्यांची अवजारे यांनाही हाच नियम लागू पडतो. धोका मात्र अधिक. उचललेल्या अवजाराखाली कधीही शिरू नये. ते जमिनीवर टेकवावे, इंजिन बंद करावे, आणि मगच मोठ्या माणसांनी साफसफाईस हात घालावा.

सातारा-सांगलीकडे बेंदराच्या दिवशी आपण बैलांना न्हाऊ घालतो आणि खंडेनवमीस अवजारे स्वच्छ करून त्यांची पूजा करतो. हे चांगलेच आहे. पण बैलास वर्षातून एकदाच चारा घालून भागत नाही, तसेच नांगराचेही आहे. रोज सायंकाळी त्यावरून फिरवलेला तेलाचा हात हीदेखील पूजाच होय.

स्वाध्याय

१. लोखंडी नांगराविषयी शेतकऱ्यांना प्रथम कोणती भीती वाटत होती?
२. पाते खरखरीत झाल्यास कोणकोणते तोटे होतात?
३. तिसऱ्या खिळ्यासाठी पाणी का उकळावे?
४. तुमच्या घरातील एखादे लोखंडी अवजार पाहा. त्याची निगा कशी राखली जाते, ते आठ-दहा ओळींत लिहा.