येऊर आणि खाडी यांच्या चिमटीत

‘घोडबंदर रोडला राहतो’ म्हटलं की ठाणेकर आधी फ्लॅटचा भाव विचारतो आणि मग ट्रॅफिकबद्दल हळहळतो. कागदोपत्री हा राज्य महामार्ग क्रमांक ४२. माजिवड्याला पूर्व द्रुतगती मार्गापासून निघायचं आणि फाउंटन हॉटेलपाशी अहमदाबाद महामार्गाला मिळायचं. अंतर जेमतेम वीस किलोमीटर.

मुंबईतल्या जुन्या माणसांचा घोडबंदर रोड मात्र वेगळा. आजच्या एस. व्ही. रोडचं ते पूर्वीचं नाव. वांद्रे-अंधेरीकडूनही लोकांना जायचं होतं ते याच घोडबंदर नावाच्या बंदराकडे, कारण तेव्हा खरी वाहतूक पाण्यावरून चाले. उल्हास नदीच्या मुखाशी, वसईच्या खाडीवर पोर्तुगीजांनी किल्ला बांधला तो या जलमार्गावर नजर ठेवायला. १७३७ च्या मोहिमेत मराठ्यांनी तो घेतला. दोन वर्षांनी वसई पडली. पुढे इंग्रज आले. किल्ला उभा आहे, पण त्याच्यासाठी कोणी गाडी वळवत नाही.

ठाण्याहून निघालं की डावीकडे येऊरचे डोंगर आणि राष्ट्रीय उद्यान, उजवीकडे खाडी. कापूरबावडी, मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली, ओवळा ही सारी एकेकाळची गावं-पाडे. आता बिल्डरांच्या जाहिरातींतले पत्ते. गायमुखला डोंगर खाडीला भिडतो आणि रस्त्याला घाट चढण्यावाचून इलाज राहत नाही. या रस्त्याचं सगळं दुखणं इथं आहे. उरणच्या जेएनपीटी बंदरातून गुजरातकडे निघालेले कंटेनर, वसई-विरारकडे घरी परतणारे नोकरदार आणि शाळेच्या बस याच चिंचोळ्या वाटेवर येतात. पावसाळ्यात घाटात खड्डे पडले किंवा चढावर एखादा ट्रेलर बंद पडला की रांग थेट कासारवडवलीपर्यंत. अवजड वाहनांना वेळ ठरवून देतात. ती पाळली जाते का, हा वेगळा विषय. त्यात रात्री जंगलातून उतरणारे बिबटे. काही गाड्यांखाली गेलेही आहेत.

उपाय म्हणून रस्ता रुंद झाला, त्यासाठी टोल भरला, उड्डाणपूल आले. मग मेट्रो ४ चे खांब मधोमध उभे राहिले आणि आता सेवा रस्ते मुख्य रस्त्यात विलीन करण्याचं काम निघालं. सोसायट्यांचा त्याला विरोध आहे, आणि मला तो रास्त वाटतो: फाटकातून बाहेर पडताच कंटेनरपुढे यायचं, हे कोणाला हवंय? शिवाय घाट अरुंदच राहणार असेल, तर त्याच्या अलीकडची जादा लेन गाड्या लवकर रांगेत आणून उभ्या करण्यापलीकडे काय करणार?

२०२४ मध्ये ठाणे–बोरिवली जुळ्या बोगद्याचं भूमिपूजन झालं. बोरिवलीला जाणाऱ्यांचा वळसा त्यानं वाचेल. पण गुजरातच्या कंटेनरला हवी आहे ती घाटाला बगल. तशा गायमुख ते फाउंटन हॉटेल बोगद्याच्या निविदा कोर्टकज्ज्यात अडकल्या आणि २०२५ मध्ये मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणानं (एमएमआरडीए) त्या रद्द केल्या.