तिवराची निशाणी

ओहोटीच्या वेळी मुरूडजवळच्या राजपुरी खाडीच्या काठाने गेलात, तर चिखलातून पेन्सिलीएवढी मुळे वर आलेली दिसतात. ही तिवराची श्वासमुळे. खाडीच्या चिखलात हवा फार कमी असते, म्हणून हे झाड मुळे वर काढून श्वास घेते. त्याचे पान जिभेला लावून पाहा, ते खारट लागेल. मुळांतून आत आलेले जादा मीठ तिवर पानांवाटे बाहेर टाकतो.

रायगड जिल्ह्यात पाताळगंगा, अंबा, कुंडलिका आणि सावित्री या नद्या खाड्यांतून समुद्राला मिळतात. त्यांच्या काठांवर तिवर वाढतो. दुरून सगळी झाडे सारखीच वाटतात. पण ती खरेच सारखी असतात का?

नुसत्या डोळ्यांनी हे ठरवता येत नाही. एक झाड उंच आणि दुसरे खुजे असेल, तर तो फरक बीजाचा की जागेचा? जास्त खारट जागी चांगल्या बीजाचे झाडही खुरटते. म्हणून शास्त्रज्ञ झाडाच्या पेशीत शिरून निशाणी शोधतात. निशाणी हा शब्द तुमच्या उर्दूतही आहे, आणि येथे त्याचा अर्थही तोच आहे.

प्रत्येक पेशीत डीएनए नावाचा लांबलचक धागा असतो. त्यावर ए, टी, जी, सी या चारच अक्षरांत मजकूर लिहिलेला असतो. काही ठिकाणी दोन-तीन अक्षरे पुन्हा पुन्हा येतात, जसे जीए, जीए, जीए. समजा, एका झाडात ही जोडी दहा वेळा आली आणि शेजारच्या झाडात तेरा वेळा. हा फरक म्हणजेच निशाणी.

तो पाहायचा कसा? कोवळे पान वाटून डीएनए वेगळा करतात. मग पीसीआर या पद्धतीने हवा तेवढाच तुकडा निवडून त्याच्या लाखो नकला काढतात. त्या नकला जेलीसारख्या पातळ थरात ठेवून विजेचा प्रवाह सोडतात. आखूड तुकडे पुढे पळतात, लांब तुकडे मागे राहतात. त्यांच्या पट्ट्या पाहिल्या की फरक दिसतो.

खरी मेहनत निशाण्या तयार करण्यात असते. अनेक जागा तपासाव्या लागतात. काही ठिकाणी तुकडाच मिळत नाही, काही ठिकाणी सगळी झाडे सारखी निघतात. अशा जागा सोडून द्याव्या लागतात. २०२१ साली भारतीय शास्त्रज्ञांनी तिवराचा जवळजवळ संपूर्ण डीएनए वाचून प्रसिद्ध केला. त्यामुळे आता अशा जागा संगणकावर शोधता येतात.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. आडनावावरून घराणे कळते, स्वभाव कळत नाही. तसेच या निशाणीवरून झाडांचे नाते कळते. कोणते झाड मीठ अधिक सोसेल, ते कळत नाही. त्यासाठी जनुकांचा वेगळा अभ्यास लागतो. चेन्नईच्या एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठानात डॉ. अजय परिडा व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो केला. तिवरातील एक जनुक त्यांनी भातात घातला, तेव्हा प्रयोगशाळेत ती रोपे खाऱ्या पाण्यात अधिक तग धरू शकली. बांध फुटून शेतात खाडीचे पाणी शिरले की काय होते, हे रायगडच्या शेतकऱ्याला सांगायला नको. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्रानेही खाऱ्या जमिनीसाठी भाताच्या जाती काढल्या आहेत.

मग नात्याची माहिती कशाला हवी? तुटलेल्या तिवरांच्या जागी नवी रोपे लावतात, तेव्हा ती उपयोगी पडते. फळे गोळा करणारा माणूस साहजिकच हाताशी असलेल्या दोन-चार झाडांखालची फळे वेचतो. हजार रोपे तयार होतात, पण ती सगळी दोन-चार आयांचीच लेकरे! अशा बनात एखादा रोग आला, तर सगळ्यांवर एकदमच संकट येऊ शकते. रोपवाटिकेतील रोपांच्या पट्ट्या तपासल्या की ही गोष्ट लावणीआधीच उघड होते. मग त्याच खाडीतल्या लांबलांबच्या झाडांची फळे आणून नवी रोपे करता येतात.