बारा दिवसांचा हिशेब

मार्च महिन्यात खेळलेला बेसबॉलचा सामना कुणी जिंकला, हे संध्याकाळपर्यंत खुद्द खेळाडूही विसरलेले असतात. हे सामने गुणतक्त्यात धरतच नाहीत. बरोबरी झाली तर दोन्ही संघ खुशाल सामान आवरतात, आणि कुणी हूं की चूं करत नाही. तरीही ॲरिझोनात, फिनिक्सजवळच्या मेसा शहरात, शिकागो कब्सचं स्लोन पार्क मार्चभर फुललेलं असतं. जवळपास पंधरा हजारांची जागा आहे. मैदानाच्या टोकाला हिरवळीचा उतार आहे, तिथलं तिकीट त्यातल्या त्यात स्वस्त. चादर अंथरून, टोपी डोळ्यांवर ओढून, शेंगा फोडत तिथे बसणाऱ्यांत मीही असते.

मी हिशेबनीस आहे. माहेर पनवेलचं. नवऱ्याच्या नोकरीपायी आधी शिकागोला संसार मांडला, म्हणून कब्स आमच्या डोक्यात बसले. मग त्याची बदली फिनिक्सला झाली आणि आमच्या मागोमाग नाही, पण आमच्या सोयीचे असे कब्सही दर वसंतात तिथेच यायला लागले, असं मी म्हणते. खरं तर ते कित्येक वर्षांपासून मेसालाच येत होते. मार्च हा इथल्या टॅक्सच्या कामाचा ऐन हंगाम, त्यामुळे दुपारी ऑफिसातून सटकणं म्हणजे चोरीचाच मामला. पण त्या उतारावर बसूनही मी माझंच काम करत असते, कारण मार्चचं बेसबॉल हा खेळापेक्षा हिशेब जास्त आहे.

थोडी पार्श्वभूमी सांगते. अमेरिकेत मेजर लीगचे 30 संघ. मुख्य मोसमात प्रत्येकाचे 162 सामने. त्याआधी फेब्रुवारीच्या मध्यापासून सराव शिबिर, त्याला स्प्रिंग ट्रेनिंग म्हणतात. शिकागोत तेव्हा बर्फ असतो, म्हणून 15 संघ फ्लोरिडात जातात आणि 15 आमच्या ॲरिझोनात. शिबिराला साठ-सत्तर खेळाडू येतात. मोसम सुरू होताना त्यातले 26 उरतात. 2015 साली, ज्या वर्षाबद्दल मला सांगायचं आहे, तो आकडा 25 होता. बाकीच्यांची रवानगी मायनर लीगमध्ये, म्हणजे संघाच्याच धाकट्या चमूंत. तिथे बसचा प्रवास, लहान गावं, आणि हातात पडणारा पैसा अगदीच बेताचा.

आता निवड कशी होते? आपल्याला वाटतं, जो चांगला खेळला तो राहिला. तसं नसतं. प्रत्येक संघाची 40 जणांची एक पक्की यादी असते. ही यादी म्हणजे घराचं रेशनकार्ड: नाव चढलं तो हक्काचा, बाकीचे पाहुणे. यादीतल्या खेळाडूला साधारण तीन मोसमांत खाली-वर करण्याची मुभा संघाला असते, तिला ऑप्शन म्हणतात. ऑप्शन संपलेल्याला खाली पाठवायचं तर आधी तो इतर संघांपुढे ठेवावा लागतो आणि कुणीही त्याला उचलू शकतं. त्यामुळे होतं असं, की ऑप्शन शिल्लक असलेला गुणी पोरगा खाली जातो आणि ऑप्शन संपलेला बरा खेळाडू वर राहतो. वर्तमानपत्रं याला ‘लवचीकता’ म्हणतात. आमच्या धंद्यात याला ताळेबंद सांभाळणं म्हणतात.

2015 चा मार्च कब्सवाल्यांसाठी वेगळाच होता. 1908 नंतर या संघानं वर्ल्ड सिरीज, म्हणजे मोसमाची अंतिम लढत, जिंकलेली नव्हती. 2011 च्या अखेरीस थिओ एपस्टाइन संघाचा कारभारी म्हणून आला. याच माणसानं 2004 मध्ये बॉस्टन रेड सॉक्सचा 86 वर्षांचा दुष्काळ संपवला होता. त्यानं कब्समध्ये येऊन काय केलं, तर आधी संघ पार मोडीत काढला. 2012 मध्ये कब्स 101 सामने हरले. 2013 मध्ये 96, 2014 मध्ये 89. हरण्याचा फायदा असा, की नव्या खेळाडूंच्या निवडीत, म्हणजे ड्राफ्टमध्ये, तळाच्या संघाला तेव्हा आधी हात घालता यायचा. 2013 च्या ड्राफ्टमध्ये कब्सनी दुसऱ्या क्रमांकावर सॅन डिएगो विद्यापीठाचा क्रिस ब्रायंट घेतला. 2014 मध्ये चौथ्या क्रमांकावर इंडियाना विद्यापीठाचा काइल श्वार्बर. त्याआधीच्या कारभाऱ्यांनी 2011 मध्ये घेतलेला पोर्तो रिकोचा हावियर बायेझ होताच. क्यूबाहून आलेला होर्हे सोलेर 9 वर्षांच्या 3 कोटी डॉलरच्या करारावर होता. ॲडिसन रसेल 2014 च्या जुलैत ओकलंडकडून दोन अनुभवी पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यांच्या, बदल्यात मिळवलेला. वर नवा मॅनेजर जो मॅडन, आणि 6 वर्षांसाठी 15 कोटी 50 लाख डॉलर मोजून आणलेला पिचर जॉन लेस्टर. एवढी तरणी पोरं एका शिबिरात पाहायला मिळणं ही चैन होती.

सगळ्यांत देखणा मला बायेझ वाटायचा. त्याची बॅट इतक्या जोरात फिरायची, की चेंडू हुकला तर गडी स्वतःभोवती गिरकी घ्यायचा. आणि हुकायचा तो फार. 2014 मध्ये वर आल्यावर 52 सामन्यांत तो 95 वेळा स्ट्राइकआउट झाला होता. इतका बाद होणारा माणूस सहसा पुन्हा दिसत नाही.

पण बातमी होती ब्रायंटची. वय 23, साडेसहा फुटांच्या आसपास उंची, निळे डोळे, आणि बॅट फिरवताना कुठेही घाई नाही. 2014 मध्ये मायनर लीगमध्ये त्यानं 43 होमरन, म्हणजे मैदानापार धाडलेले फटके, मारले होते. त्या मार्चमध्ये 40 वेळा बॅटिंगला आला, 17 हिट मिळवल्या, त्यांतले 9 होमरन. तीसही संघांत त्या शिबिरात एवढे होमरन कुणाचे नव्हते. दर दहा वेळांत तीनदा हिट मिळवणाऱ्याला इथे उत्तम म्हणतात, याची सरासरी .425 होती. अर्थात मार्चची सरासरी जरा बेतानंच धरायची असते. ॲरिझोनाच्या कोरड्या हवेत चेंडू लांब उडतो. पिचर तेव्हा गडी बाद करण्यापेक्षा नव्या प्रकारचा चेंडू घोटवण्यात गुंतलेले असतात. सातव्या इनिंगला समोर येणारा पिचर पंधरवड्यात कुठल्यातरी बसमध्ये बसलेला असतो. हे सगळं वजा केलं तरी ब्रायंट तयार आहे, हे उतारावरच्या शेंगा विकणाऱ्यालाही दिसत होतं.

30 मार्चला कब्सनी त्याला खाली पाठवलं.

कारण सांगितलं गेलं क्षेत्ररक्षणाचं: थर्ड बेसवर अजून घडायला हवा. खरं कारण कॅलेंडरमध्ये होतं, आणि इथे माझा धंदा सुरू होतो. मेजर लीगमध्ये सहा पूर्ण वर्षं सेवा झाली, की खेळाडू मोकळा होतो आणि खुल्या बाजारात किंमत मागू शकतो. त्याआधी तो संघाच्या मुठीत असतो. पहिली तीनेक वर्षं तर संघ देईल त्या पगारावर. 2015 मध्ये किमान पगार 5,07,500 डॉलर होता. आता पूर्ण वर्ष म्हणजे किती? नियमानं 172 दिवस. 2015 चा मोसम 5 एप्रिलला सुरू होऊन 4 ऑक्टोबरला संपला, म्हणजे 183 दिवस. ब्रायंटला पहिले 12 दिवस बाहेर ठेवलं तर उरतात 171. एक दिवस कमी. वर्ष भरत नाही, आणि तो 2020 नंतर मोकळा व्हायचा तो 2021 नंतर होतो. बारा दिवसांच्या बदल्यात आख्खं वर्ष.

शिवाय ब्रायंटचं नाव त्या 40 च्या यादीतही नव्हतं; तो शिबिरात पाहुणा होता. खाली पाठवताना ऑप्शनसुद्धा खर्ची पडला नाही. कागदोपत्री सगळं चोख. मी कंपनीची हिशेबनीस असते तर सही केली असती, डोळे मिटून. प्रेक्षक म्हणून मात्र संताप आला, आणि तो अजून पुरता गेलेला नाही. तिकिटाचे पैसे मी सर्वोत्तम 25 पाहायला देते, सर्वांत किफायतशीर 25 पाहायला नव्हे.

माझ्या कामाची मुदत 15 एप्रिलला संपली. 17 एप्रिलला ब्रायंट शिकागोच्या रिग्ली फील्डवर उतरला, तेराव्या दिवशी. क्षेत्ररक्षण तोवर सुधारलं असावं. पहिल्या दिवशी चार वेळा बॅटिंग, एकही हिट नाही, तीन स्ट्राइकआउट. पुढे मात्र मोसमातला सर्वोत्तम नवोदित म्हणून एकमतानं निवडला गेला. रसेल 21 एप्रिलला वर आला, श्वार्बर जूनमध्ये. कब्स 97 सामने जिंकले. पुढच्या वर्षी, 2016 मध्ये, ब्रायंट लीगचा सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरला आणि 108 वर्षांनी कब्स वर्ल्ड सिरीज जिंकले. शेवटचा गडी बाद करणारा चेंडू ब्रायंटकडेच आला. ओल्या गवतावर त्याचा पाय घसरला, पण चेंडू नीट फर्स्ट बेसला गेला, आणि फेकण्याआधीच गडी हसत होता. तो क्षण कुठेही मिळाला तर जरूर पाहा.

ब्रायंटनं संघाविरुद्ध दाद मागितली. 2020 च्या जानेवारीत लवादानं निकाल दिला, तो संघाच्या बाजूनं. आता तो वाचवलेल्या वर्षाचा जमाखर्च बघा. 2021 मध्ये ब्रायंटचा पगार होता 1 कोटी 95 लाख डॉलर. कब्स त्या वर्षी 91 सामने हरले. 30 जुलैला त्यांनी ब्रायंटला सॅन फ्रान्सिस्को जायंट्सकडे धाडलं आणि बदल्यात दोन नवखी पोरं घेतली. एवढ्यासाठी एका जिवाभावाच्या खेळाडूशी पाच वर्षं भांडण ओढवून घेतलं. मोकळा झाल्यावर ब्रायंटला कोलोराडो रॉकीजनी 7 वर्षांचे 18 कोटी 20 लाख डॉलर दिले, आणि तिथे दुखापतींनी त्याला धड खेळू दिलं नाही. म्हणजे एका अर्थी बाजारानंही हिशेब चुकवलाच.

त्या शिबिरातल्या इतरांचं म्हणाल, तर भाकितं करणाऱ्यांची पंचाईतच झाली. सारखा बाद होणारा बायेझ 2016 च्या लीग अंतिम फेरीत लेस्टरबरोबर सर्वोत्तम खेळाडू ठरला. सोलेरला कब्सनी 2016 संपताच देऊन टाकला. तो 2021 मध्ये अटलांटाकडून वर्ल्ड सिरीजचा मानकरी झाला. श्वार्बरचा गुडघा 2016 च्या एप्रिलमध्ये गेला. सगळ्यांनी मोसमापुरती त्याच्यावर फुली मारलेली, आणि गडी थेट वर्ल्ड सिरीजला हजर होऊन .412 नं खेळला. रसेलनं त्याच सिरीजच्या सहाव्या सामन्यात चार धावांचा होमरन मारला. पण 2018 मध्ये कौटुंबिक हिंसाचाराच्या प्रकरणात लीगनं त्याच्यावर 40 सामन्यांची बंदी घातली आणि त्याची कारकीर्द तिथून उतरत गेली.

संघमालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या 2022 च्या नव्या करारानं सेवेचे नियम थोडे बदलले. आता सर्वोत्तम नवोदिताच्या मतदानात पहिल्या दोघांत आलेल्याला, उशिरा वर आला तरी, पूर्ण वर्षाची सेवा मिळते. पिट्सबर्गचा पिचर पॉल स्कीन्स 2024 च्या मे महिन्यात वर आला आणि तरी त्याचं वर्ष भरलं. उलट गुणी पोराला पहिल्या दिवसापासून खेळवणाऱ्या संघाला त्यानं मोठा पुरस्कार जिंकला तर जादा ड्राफ्ट निवड मिळू शकते. बाल्टिमोर ओरिओल्सना गनर हेंडरसनमुळे ती मिळाली. पण संघांचे सगळेच बहाणे खोटे नसतात, हेही त्याच ओरिओल्सनी दाखवलं. 2024 मध्ये त्यांनी जॅक्सन हॉलिडेला शिबिरानंतर खाली ठेवलं तेव्हा लोकांनी बोटं मोडली. 2022 च्या ड्राफ्टमधला पहिला क्रमांक, वडील मॅट हॉलिडे नावाजलेले खेळाडू, वय अवघं वीस. 10 एप्रिलला त्याला वर आणलं, तर 34 वेळांत हिट मिळाल्या दोन. महिना संपायच्या आत तो परत खाली. 31 जुलैला पुन्हा आला आणि त्याच दिवशी बेस भरलेले असताना होमरन मारला. त्याला खरोखरच थोडा वेळ हवा होता.

मार्चमध्ये मुलाकडे किंवा लेकीकडे फिनिक्सला येणारे आईबाप आता पुष्कळ आहेत. ग्रँड कॅन्यन सगळेच दाखवतात; एक दुपार या शिबिरालाही द्या. क्रिकेट कळणाऱ्याला बेसबॉल कळायला दोन इनिंग पुरतात. नेमके सहाव्या इनिंगला लोक उठायला लागतात, कारण नावाजलेले खेळाडू तोवर अंघोळ करून गाडीत बसलेले असतात. तुम्ही उठू नका. त्यानंतर पाठीवर नाव नसलेली, 80-90 आकड्यांची पोरं मैदानात येतात, निवेदक त्यांची नावं अडखळत वाचतो, आणि पळत जागेवर जाणाऱ्या त्या पोरांना ठाऊक असतं, की पुढच्या तासाभरात कुणीतरी वहीत त्यांच्याबद्दल एक ओळ लिहिणार आहे. खरा सामना तिथून सुरू होतो. टोपी आणि पाणी तेवढं बरोबर ठेवा. मार्चमधलं इथलं ऊन कौतुकाचं नसतं.