खड्गविद्येची हस्तलिखिते व शब्दार्थ
मध्ययुगीन खड्गविद्येचा छंद जोपासणारे युरोप-अमेरिकेतील हौशी लोक बोथट पोलादी खड्गे, जाळीचे मुखवटे व जाड हातमोजे वापरतात. परंतु त्यांची खरी अडचण शब्दांची असते. योहानेस लिख्टेनाउअर या जर्मन गुरूची पद्ये हेतुपुरस्सर गूढ भाषेत रचलेली असून १५ व्या शतकातील टीकांवाचून त्यांचा अर्थ लागत नाही. त्यांतील 'त्स्वेर्खहाउ' हा शब्द पाहावा. 'त्स्वेर्ख' म्हणजे आडवा. आजच्या प्रमाण जर्मनमध्ये तो मुख्यतः श्वासपटलाच्या नावात उरला आहे. पण 'आडवा घाव' एवढ्याने भागत नाही. टीकाकार मूठ डोक्यासमोर उंच धरावयास व अंगठा खालच्या बाजूस आणावयास सांगतो. याचे कारण कोशात सापडत नाही. खड्ग हाती घेताच ते कळते. वरून येणारा घाव मुठीच्या आडव्या दांडीवर अडतो आणि त्याच क्षणी आपले पाते प्रतिपक्ष्याच्या मस्तकापर्यंत पोहोचते. अर्थात असा प्रयोग अर्थाची शक्यता दाखवितो, अर्थ सिद्ध करीत नाही. मुखवट्याआड निर्धास्त असलेला हौशी मनुष्य जे धाडस करतो, ते शिरस्त्राणावाचून धारदार खड्गासमोर उभा असलेला मनुष्य करीत असेलच, असे म्हणता येत नाही.