तासभर वारा घालणाऱ्या बायका

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. भर दुपारी अडीच वाजता दार वाजलं. उघडते तर तेवीस-चोवीस वर्षांची एक मुलगी, पाठीवर सॅक, हातात बॅग, घामाने नुसती डबडबलेली. केरळची होती. गावातल्या एका दवाखान्यात नर्स म्हणून नुकतीच रुजू झालेली. गळ्यातल्या बारीक साखळीत क्रॉस. मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाली, "आंटी, रूम मिलेगा?"

आमची मागची खोली रिकामीच होती. तरी माझ्या तोंडून निघून गेलं, "घरात विचारून सांगते." पाणी दिलं, तेवढंच. एकटी मुलगी, परमुलखातली, कोण कुठली, उद्या काही झालं तर? शेजारचे काय म्हणतील? मैत्रिणींनो, महिला मंडळात माणुसकीवर तास-तास बोलणारी बाई ती हीच बरं का!

योगायोग असा, की त्याच दिवसांत मी एका एकट्या बाईच्या प्रवासाचं पुस्तक वाचत होते. लेकीने इंटरनेटवरून काढून दिलेलं. लेखिका इझाबेला बर्ड. जन्म १८३१चा, इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचा. वडील आधी कोलकात्यात वकिली करायचे, पुढे धर्मोपदेशक झाले. घरचं वातावरण कडक धार्मिक. लहानपणापासून पाठीच्या दुखण्याने बेजार असलेली ही मुलगी; पण डॉक्टरांनी हवापालट सांगितला आणि तिला प्रवासाचं जणू वेडच लागलं.

१८७८च्या मे महिन्यात ती जपानला पोचली, तेव्हा सेहेचाळीस वर्षांची होती. म्हणजे आपल्यातल्या पुष्कळ जणी 'आता आपलं काय राहिलंय' असं म्हणायला लागतात, त्या वयाची! तिला जायचं होतं उत्तरेकडच्या आडवळणाच्या मुलखात, जिथे परदेशी माणूस फारसा कुणी पाहिलेलाच नव्हता. ओळखीपाळखीच्यांनी भीती घातली. सोबत होता फक्त अठरा वर्षांचा इतो नावाचा दुभाष्या. बाकी घडीची खाट, थोडं सामान आणि भाड्याची अडेलतट्टू घोडी.

प्रवास सुखाचा मुळीच नव्हता. पाऊस, चिखल, रात्रभर चावणाऱ्या पिसवा. मुक्कामाच्या घरात कागदाचे सरकते पडदे, त्या कागदाला भोकं आणि प्रत्येक भोकाला एकेक डोळा लावलेला! गोरी बाई बघायला गावंच्या गावं लोटायची. इझाबेलाबाईही काही साधुसंत नव्हत्या. खेड्यातली अस्वच्छता, मुलांच्या अंगावरची खरूज, लोकांचं अज्ञान, सगळं त्यांनी फटकळपणे लिहून ठेवलंय. आपला धर्म, आपले रीतिरिवाज श्रेष्ठ, ही त्या काळातल्या गोऱ्या माणसाची समजूत त्यांच्यातही होतीच.

पण त्याच डोळ्यांनी त्यांनी दुसरंही पाहिलं. निक्कोजवळच्या एका गावात सकाळी सकाळी बारा-चौदा पुरुष कट्ट्यावर ओळीने बसलेत आणि प्रत्येकाच्या हातात तान्हं बाळ, असं दृश्य त्यांना दिसलं. एकदा सामानातला एक पट्टा वाटेत कुठेतरी पडला. घोडेवाला अंधारात कोसभर मागे जाऊन तो शोधायला गेला. बाईंनी चार पैसे पुढे केले, तर घेईना. सामान नीट पोचवणं हे माझं कामच आहे, म्हणाला.

आणि मग तो प्रसंग, ज्याने माझी झोप उडवली. योनेझावाच्या मैदानाकडे जाणारी डोंगरवाट. घोडी आणि हमाल बदलायच्या एका ठाण्यावर बाई येऊन बसल्या, उन्हाने लाल झालेल्या. घरातल्या बायकांनी ते पाहिलं. भाषा कळत नव्हती, पण उकडणं कळायला भाषा कशाला लागते? त्यांनी आपले पंखे काढले आणि या अनोळखी बाईला वारा घालायला लागल्या. पाच-दहा मिनिटं नाही, चांगला तासभर!

निघताना बाईंनी पैसे विचारले. घरच्यांनी साफ नकार दिला. परदेशी पाहुणा आम्ही आजच पहिल्यांदा पाहिला, तुमचं नाव आमच्या वहीत आलं, आता पैसे घेतले तर आमचीच आम्हाला लाज वाटेल, असं त्यांचं म्हणणं. उलट मिठाईची पुडी बांधून दिली. घरधन्याने एका पंख्यावर आपलं नाव लिहिलं आणि तो घ्याच म्हणून आग्रह केला. बाई कानकोंड्या झाल्या. द्यायला जवळ काय, तर थोड्या इंग्रजी टाचण्या! त्याच दिल्या. तिथे कुणी तशा टाचण्या पाहिल्या नव्हत्या. त्या कौतुकाने हातोहात फिरल्या. जपान आठवेल तोवर तुम्हाला विसरणार नाही, असं सांगून बाई पुढे निघाल्या.

पुढे त्यांनी लिहिलं की एकट्या बाईला जपानइतका सुरक्षित देश दुसरा नसेल. आमच्या इंग्लंडच्याच काही भागांत परक्या पोशाखातल्या बाईची टवाळी झाली असती. एका धर्मोपदेशकाच्या लेकीने हे कबूल करणं सोपं नव्हतं. चांगुलपणा आपल्याच घरात, आपल्याच धर्मात राहतो, ही समजूत त्या पंख्यांच्या वाऱ्याने थोडी तरी उडवली असेल.

हे पुस्तक निघालं १८८०मध्ये. ज्या बहिणीला ही सगळी पत्रं लिहिली, ती हेन्रिएटा त्याच वर्षी गेली. पुढे लग्न झालं, पण पाच वर्षांत नवराही गेला. मग १८८९मध्ये इझाबेलाबाई आपल्या देशात आल्या आणि नवऱ्याच्या स्मरणार्थ काश्मिरात, तर बहिणीच्या स्मरणार्थ अमृतसरला रुग्णालय उभारायला त्यांनी पैसा दिला. १८९२मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने प्रथमच बायकांना सदस्यत्व दिलं, त्यात त्यांचं नाव होतं. १९०४ साली त्या वारल्या. वारा घालणाऱ्या त्या बायकांची नावं मात्र पुस्तकात नाहीत. त्यांना कधी कळलंही नसेल, की आपला तो एक तास जगभर वाचला जाणार आहे.

मी पुस्तक मिटलं आणि डोळ्यांपुढे आली ती घामाने भिजलेली मुलगी. तिसऱ्या दिवशी डबा घेऊन दवाखान्यात गेले. म्हटलं, "खोली आहे, ये." ती हसली. "मिल गया आंटी." कुठे, तर बोळातल्या बांगडीवाल्या मावशींकडे! दीड खोलीचं घर, पत्र्याचं छप्पर. मावशींना नंतर भेटले तेव्हा विचारलं, "ओळख ना पाळख, ठेवून कशी घेतलीत हो?" त्या म्हणाल्या, "अगं, पोर दारात उभी होती. मी आधी 'जेवलीस का?' इचारलं. नाही म्हणाली. मग काय करायचं?"

जात नाही, धर्म नाही, गाव नाही. पहिला प्रश्न, "जेवलीस का?" माझा पहिला प्रश्न काय होता, ते आठवून मान खाली गेली.

आपल्या छोट्या गावांतही आता नर्स, शिक्षिका, बँकेतल्या मुली लांबलांबून येतात. त्यांच्यासाठी आपलं गाव हाच परदेश असतो. त्या आपल्या गावाबद्दल आईला फोनवर काय सांगतील, ते आपल्या दारात ठरतं.

आमच्या मागच्या खोलीत आता गडचिरोलीकडची एक मुलगी राहते. या वेळी "घरात विचारून सांगते" म्हणाले नाही. आधी पंखा लावला, पाणी दिलं आणि विचारलं, "जेवलीस का गं?"