दातांनाही असते माहेरची ओढ
(द्वितीय वर्ष, कला)

वार्षिकांकासाठी लेख द्यावेत, अशी सूचना फलकावर लागली आणि वर्गातील मैत्रिणींनी कवितांच्या वह्या बाहेर काढल्या. मला कविता जमत नाही. मला एकाच विषयाची सांगोपांग माहिती आहे आणि तीही नुकसान सोसून मिळालेली. दातांच्या तारा काढल्यानंतर जी लहानशी पट्टी वापरावी लागते, तो रिटेनर हा तो विषय. आपल्या वर्गांतून आता तारा लावलेले बरेच चेहरे दिसतात, म्हणून हा प्रपंच.

माझे वरचे दात पुढे होते. ‘पोरीचं तोंड मिटत नाही,’ असे आजी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही, तशी दंतवैद्याचीही नाही. दात दुखला की मिश्री लावायची, फारच दुखला तर उपटायचा, एवढेच आम्हांला ठाऊक. आठवीत असताना शाळेतल्या बाईंनी अण्णांना जिल्ह्याच्या सरकारी दंत महाविद्यालयाचा पत्ता दिला. अण्णा बाजार समितीत हमाल आहेत. अडीच वर्षे दर महिन्याला ते एका दिवसाची हमाली बुडवून मला एस.टी.ने तेथे नेत. चार उपदाढा काढल्या आणि त्या जागेत पुढचे दात हळूहळू मागे ओढले. तारा निघाल्या त्या दिवशी आईने आळीत साखर वाटली. आम्हां सर्वांना वाटले, संपले एकदाचे!

तेथेच आमची चूक झाली. डॉक्टरबाईंनी वरच्या दातांसाठी एक गुलाबी पट्टी आणि एक डबी हातात ठेवली व म्हणाल्या, “खरं काम आता तुझं.” त्याचा अर्थ मला फार उशिरा कळला.

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये सुमारे पाव मिलिमीटर जाडीचा तंतूंचा थर असतो आणि त्या तंतूंवर दात जणू झोळीत असावा तसा टांगलेला असतो. तारेचा हलका दाब सतत पडला की दाबाच्या बाजूचे हाड झिजते, ओढीच्या बाजूला नवे हाड भरते आणि दात सरकतो. पण हाड भरले तरी तंतू लगेच जुळवून घेत नाहीत. मुळाभोवतालच्या तंतूंची नवी मांडणी व्हायला तीन-चार महिने लागतात. हिरडीतील लवचिक तंतू तर वर्षभर, कधी त्याहूनही अधिक काळ, ताणलेलेच राहतात आणि दाताला जुन्या जागी ओढतात. आईच्या भाषेत सांगायचे तर, नव्या सुनेसारखे दातांचे लक्ष माहेराकडे असते. तिचे पाय सासरी रुळेपर्यंत तिला धरून ठेवणारे कोणीतरी हवे. तेच रिटेनरचे काम.

रिटेनर मुख्यतः तीन प्रकारचे. पहिला माझ्यासारखा : टाळूला चिकटणारी ॲक्रिलिकची पट्टी आणि दातांवरून जाणारी पोलादी तार. चार्ल्स हॉली या अमेरिकन दंतवैद्याचे नाव त्याला आहे. दुसरा पारदर्शक प्लॅस्टिकचा, दातांवर टोपीसारखा बसणारा. तिसरा म्हणजे दातांच्या आतल्या बाजूस कायमची चिकटवलेली बारीक तार. तशी माझ्या खालच्या दातांना आहे. पहिले दोन काढता-घालता येतात. ही सोय खरी, पण धोकाही तोच.

पट्टी घातल्यावर पहिले काही दिवस तोंडाला पाणी सुटते आणि बोलणे बोबडे होते. आपल्या भाषाविज्ञानाच्या तासाला दंत्य वर्ण शिकविले, तेव्हा मला त्याचे कारण उमगले. ‘त’ आणि ‘द’ म्हणताना, ‘चारा’ या शब्दातला ‘च’ म्हणताना, जीभ वरच्या दातांच्या मागे टेकते आणि नेमकी तेथेच पट्टी असते. यावर उपाय एकच. पट्टी घालूनच रोज मोठ्याने वाचावे. जीभ चार-आठ दिवसांत नवी वाट शोधते.

मी हे केले नाही. घरात मोठ्याने बोलायची लाज वाटे. प्रथम वर्षाला असताना वक्तृत्व स्पर्धेत नाव दिले आणि व्यासपीठावर जाण्यापूर्वी पट्टी काढून कागदात गुंडाळून बाकावर ठेवली. डबी घरी होती. भाषण झाले, टाळ्या पडल्या आणि परत येऊन पाहते तो बाक झाडून स्वच्छ! कचऱ्याच्या डब्यापर्यंत धावले, पण डबा रिकामा झाला होता. मला उत्तेजनार्थ बक्षीस म्हणून एक पेन मिळाले.

घरी पेन दाखविले. पट्टीचे सांगितले नाही. एका पट्टीचा खर्च म्हणजे अण्णांची चार दिवसांची हमाली, हे मला माहीत होते. चार महिने मी गप्प राहिले. मग एकदा पेरू खाताना त्याची बी सुळ्यामागे अडकली. उपदाढ काढून मिटविलेली जागा पुन्हा उघडत होती. त्या रात्री अण्णांना सगळे सांगितले. ते रागावले नाहीत, एवढेच म्हणाले, “त्याच दिवशी सांगितलं असतंस तर?”

डॉक्टरबाईंनी पुन्हा माप घेऊन नवी पट्टी दिली. फट बरीच मिटली, पुरती नाही. पट्टी दातांना आहे तेथे धरून ठेवते. दूर गेलेल्यांना परत आणणे हे मुळात तिचे काम नव्हे.

म्हणून ज्यांच्या तारा निघणार आहेत, त्यांना थोडे सांगते. डॉक्टर सांगतील तितके तास पट्टी घालावी. बहुधा प्रारंभी काही महिने जेवणाची वेळ सोडून दिवसरात्र, पुढे रोज रात्री. ‘किती वर्षे?’ असे विचाराल, तर दात सरळ हवेत तोवर. वयाबरोबर खालचे पुढचे दात सर्वांचेच थोडे दाटतात, तारा लावलेल्यांचे आणि न लावलेल्यांचेही. त्याचा दोष आपण अक्कलदाढेला देतो. आजचे बहुतेक तज्ज्ञ तसे मानीत नाहीत.

जेवताना पट्टी काढावी आणि ती डबीतच ठेवावी; रुमालात, कागदात, ताटाच्या कडेला कधीही नाही. पट्टी तोंडात असताना पाण्याखेरीज काही पिऊ नये. गरम चहाने पट्टी वाकडी होते आणि साखर तिच्याखाली साचून दात किडतात. धुवायला साधे थंड पाणी व मऊ ब्रश पुरे. उकळत्या पाण्यात टाकून ‘निर्जंतुक’ करू नये, चुलीजवळच्या कोनाड्यात ठेवू नये आणि राख किंवा मिश्री यांनी मुळीच घासू नये. कायमची तार असेल तर तिच्याखालून बारीक ब्रश किंवा दोरा फिरवावा आणि उसाचे कांडे दातांनी सोलू नये. पट्टी सैल झाली, आवळू लागली, तार वाकली, तर सरळ डॉक्टर गाठावा. माझी तार एकदा वाकली तेव्हा अण्णा पक्कड घेऊन बसले होते. आईने वेळीच ती हातातून काढून घेतली.

आणि हरवली, तर त्याच दिवशी घरी सांगावे. बोलणी एक दिवस खावी लागतात, दात मात्र रोज सरकतात.

मी कोणते विषय घेतले आहेत, हे अण्णांना अजून नीट सांगता येत नाही. पण सकाळी पिशवी खांद्याला लावून मी उंबरठ्यापाशी आले की पाठीवरचे पोते सावरावे तसा खांदा हलवून ते रोज एकच विचारतात, “डबी घेतलीस?”